बेकेटचा खून सगळ्यांना ठाऊक, पण भांडण नेमकं कशाचं होतं?

जुनी_बखर

मध्ययुगीन युरोपातल्या राजा विरुद्ध चर्च या झगड्याबद्दल काहीही वाचायला घेतलं की दोन प्रसंग हमखास समोर येतात. एक म्हणजे १०७७ च्या जानेवारीत कनोसाच्या किल्ल्याबाहेर थंडीत तीन दिवस पोपची माफी मागत ताटकळलेला जर्मन राजा चौथा हेन्री, आणि दुसरा म्हणजे २९ डिसेंबर ११७० ला कँटरबरीच्या कॅथेड्रलमध्ये झालेला आर्चबिशप थॉमस बेकेटचा खून. दोन्हीत नाट्य इतकं आहे की मूळ वाद मागे पडतो. बेकेटचं तर फारच, कारण ती गोष्ट कायम दोन जिवलग मित्रांची दोस्ती कशी तुटली अशीच सांगितली जाते. मला वाटतं ते भांडण कोर्टकचेरीचं होतं, आणि त्याहून जास्त, रूढी कागदावर आणण्याचं होतं. सविस्तर लिहितो.

आधी मागची परिस्थिती. इंग्लंडचा पहिला हेन्री ११३५ ला वारला, त्याचा एकुलता एक औरस मुलगा ११२० सालीच जहाज बुडून गेलेला. मग मुलगी मटिल्डा आणि भाचा स्टीफन यांच्यात गादीवरून वर्षानुवर्षं लढाया झाल्या, सरदारांनी परवानगीशिवाय किल्ले बांधले, राजाचं उत्पन्न घटलं, आणि या सगळ्या गोंधळात चर्चची कोर्टं मात्र नीट चालू राहिली आणि त्यांचा पसारा वाढला. त्याच सुमारास, ११४० च्या आसपास, इटलीत ग्रेशियनने चर्चचे नियम एकत्र करून ठेवले, त्यामुळे चर्चकडे पहिल्यांदाच सुसंगत असा कायदा हातात आला.

११५४ ला मटिल्डाचा मुलगा दुसरा हेन्री राजा झाला तेव्हा तो २१ वर्षांचा होता. त्याचं म्हणणं एकच, माझ्या आजोबांच्या वेळी होतं तसं सगळं परत आणायचं. किल्ले पाडले, शेरीफांकडून (जिल्ह्याजिल्ह्यातले राजाचे अधिकारी) हिशेब घ्यायला सुरुवात केली, आणि या कामात त्याचा उजवा हात होता त्याचा चान्सलर, म्हणजे राजाचं दफ्तर सांभाळणारा मुख्य अधिकारी, थॉमस बेकेट. लंडनच्या व्यापाऱ्याचा मुलगा, प्रचंड हुशार, थाटामाटात राहणारा, ११५९ च्या तुलूझच्या मोहिमेत चिलखत घालून लढलेला. ११६१ ला इंग्लंडच्या चर्चचा प्रमुख, कँटरबरीचा आर्चबिशप थिओबाल्ड वारला आणि हेन्रीने विचार केला की आपलाच माणूस त्या जागी बसवला तर चर्च आणि दरबार दोन्ही एका हातात येतील. बेकेट तोपर्यंत साधा पाद्रीसुद्धा नव्हता, जून ११६२ मध्ये आदल्या दिवशी त्याला पाद्रीपदाची दीक्षा दिली आणि दुसऱ्या दिवशी आर्चबिशप केलं. त्यानंतर थोड्याच काळात त्याने चान्सलरपदाचा राजीनामा दिला. हेन्रीचा सगळा बेत तिथेच फसला.

मग आला मुख्य मुद्दा, गुन्हा केलेले पाद्री. त्यांचा खटला फक्त चर्चच्या कोर्टात चालायचा आणि चर्च रक्त सांडणारी शिक्षा देत नसे. हेन्रीने ऑक्टोबर ११६३ मध्ये बिशपांना विचारलं की जुन्या रूढी पाळणार का, त्यांनी 'आमच्या धर्मपदाला बाध येणार नसेल तर' असं शेपूट जोडून होकार दिला, राजा भडकला. जानेवारी ११६४ ला क्लॅरेंडनच्या शिकारवाड्यात त्याने सगळ्यांना बोलावलं, तोंडी होकार मिळवला, आणि लगेच १६ कलमं लिहून पुढे ठेवली. चामड्याच्या एकाच तुकड्यावर मजकूर उतरवून त्याचे तीन भाग केले, एक राजाला, एक यॉर्कच्या आर्चबिशपला, एक बेकेटला. बेकेटने आपला भाग हातात घेतला पण शिक्का मारायला नकार दिला.

आता गंमत बघा, यातल्या बऱ्याचशा गोष्टी खरोखरच त्याच्या आजोबांच्या काळी चालत होत्या. तेव्हा कोणी फार ओरडलं नव्हतं कारण कुठे लिहिलेलंच नव्हतं. खुद्द हेन्रीची आई मटिल्डा, जी अजून हयात होती, तिनेही या रूढी लिहून काढल्या हे चुकलं असं मत दिल्याचं त्या काळच्या एका पत्रात आहे. चालवून घेतलेली गोष्ट एकदा कलम म्हणून समोर आली की बिशपला हो किंवा नाही म्हणावंच लागतं, आणि ती पोपपुढे ठेवली की पोपलाही. पोप तिसऱ्या अलेक्झांडरने ती वाचून १० कलमं फेटाळली आणि ६ चालवून घेतली.

पुढचं सगळं (परागंदा होणं, खून, राजाचं प्रायश्चित्त) प्रतिसादांत बोलूच. माझा प्रश्न असा की यात शेवटी हरलं कोण? पुस्तकात राजा हरला असं असतं, मला ते अर्धंच पटतं.

रेवा_नाशिक

छान धागा, वाचनखूण साठवली. एक बेसिक शंका, पाद्री म्हणजे नेमके किती लोक? गावोगावचे धर्मगुरू आणि मठातले साधू एवढेच असतील तर राजाने इतकं रान का उठवलं? आणि चर्चच्या कोर्टात खटला कसा चालायचा, साक्षीपुरावे वगैरे होते का?

जुनी_बखर

@रेवा, इथेच तर खरी मेख आहे. डोक्याचा माथा गोल भादरून घेतलेला आणि खालच्या पायरीची का होईना दीक्षा घेतलेला कुणीही यात मोडायचा. म्हणजे विद्यार्थी, कारकून, सरदारांकडचे लेखनिक, चर्चमधले दिवाबत्ती बघणारे. यातले कित्येक कधीच पाद्री होणार नसत, काहींची लग्नं झालेली असत. थोडक्यात त्या काळी ज्याला लिहितावाचता यायचं तो बहुतेक यात आलाच.

आणि खटला बहुतेकदा शपथेवर चालायचा. आरोपीने मी निर्दोष म्हणून शपथ घ्यायची आणि त्याच्या बाजूने ठरावीक संख्येने लोकांनी उभं राहून याची शपथ खरी आहे अशी शपथ घ्यायची. झालं, सुटला. बेडफर्डच्या फिलिप द ब्रॉय नावाच्या कॅननचं (चर्चच्या सेवेतला एक पाद्री) प्रकरण यात गाजलं. एका नाइटच्या खुनाचा आरोप होता, बिशपच्या कोर्टात असाच शपथेवर सुटला. नंतर राजाच्या न्यायाधीशाने ते प्रकरण पुन्हा उकरायचा प्रयत्न केला तर हा पठ्ठ्या त्यालाच भर कोर्टात शिवीगाळ करून बसला. राजाला तो स्वतःचा अपमान वाटला. न्यूबर्गचा विल्यम हा इतिहासकार, जो स्वतः मठात राहणारा धार्मिक माणूस होता, तोही लिहितो की हेन्रीच्या कारकिर्दीत पाद्र्यांनी शंभरावर खून केले असं न्यायाधीशांनी राजाला सांगितलं. आकडा फुगवलेला असू शकतो पण चर्चच्याच माणसाने तो नोंदवावा यातच सगळं आलं.

अ‍ॅडव्होकेट_वर्धा

वकील म्हणून मला क्लॅरेंडनचं तिसरं कलम फार बारकाईने घडवलेलं वाटतं. लोक समजतात की हेन्रीला पाद्र्यांचे खटले सरळ स्वतःकडे ओढायचे होते. तसं नाही. आरोपीने आधी राजाच्या कोर्टात हजर व्हायचं, तिथून त्याला चर्चच्या कोर्टात पाठवायचं, तिथे राजाचा माणूस बसून बघणार, आणि तिथे गुन्हा शाबीत झाला तर चर्चने त्याला यापुढे संरक्षण द्यायचं नाही. म्हणजे निवाडा चर्चचाच, पण पद काढून घेतल्यावर तो साधा माणूस, मग राजा त्याचे हातपाय तोडो नाहीतर फाशी देवो.

बेकेटचं उत्तर असं की पद काढून घेणं हीच शिक्षा झाली, एका गुन्ह्याला देवसुद्धा दोनदा शिक्षा करत नाही. आजही एका गुन्ह्यासाठी दोनदा शिक्षा नको हे तत्त्व आपण मानतोच, आपल्या राज्यघटनेच्या विसाव्या अनुच्छेदात आहे. पण त्या वेळच्या चर्चच्या कायदेपंडितांतही यावर एकमत नव्हतं, त्यामुळे बेकेटची बाजू म्हणजे चर्चची ठरलेली भूमिका असं मानू नये. या मुद्द्यावर बेकेट आणखी कडक झाला आणि बाकीचे बिशप मनातून त्याच्याबरोबर नव्हते, लंडनचा बिशप गिल्बर्ट फोलियट तर उघड विरोधात.

माझ्या मते तिसऱ्यापेक्षा आठवं कलम महत्त्वाचं. अपील आर्चडीकनकडून (बिशपच्या हाताखालचा अधिकारी) बिशपकडे, बिशपकडून आर्चबिशपकडे, आणि तिथेही न्याय नाही मिळाला तर राजाकडे, त्याच्या परवानगीशिवाय पुढे जायचं नाही. म्हणजे रोमची वाट बंद. चौथ्या कलमाने बिशपांना राजाच्या परवानगीशिवाय देश सोडता येणार नाही, सातव्याने राजाच्या थेट सरदारांना त्याला विचारल्याशिवाय बहिष्कृत करता येणार नाही. हे तिन्ही एकत्र वाचा म्हणजे हेन्रीला काय उभारायचं होतं ते दिसतं.

घाटमाथा

सहमत, आणि यात खजिन्याचा भाग कोणी आणला नाही म्हणून लिहितोय. राजसत्ता वाढली म्हणजे प्रत्यक्षात काय झालं हे बघायचं तर हेन्रीचं एक्स्चेकर, म्हणजे हिशेब तपासणारं खातं, बघावं. एक टेबल, साधारण दहा फूट लांब पाच फूट रुंद, चहूबाजूंनी काठ उंच केलेला, वर पट्ट्या आखलेलं काळं कापड. रकाने पाडलेले, पेन्स, शिलिंग, पौंड, वीस पौंड, शंभर, हजार. वर्षातून दोनदा, ईस्टरला आणि सप्टेंबरअखेरच्या मायकेलमसला, एकेका जिल्ह्याचा शेरीफ त्या टेबलाशी येऊन बसायचा आणि समोर राजाचे अधिकारी सोंगट्या मांडून त्याच्याकडून किती येणं होतं आणि किती भरलं ते सगळ्यांच्या डोळ्यांदेखत मोजायचे.

आणि पावती म्हणजे लाकडाची काठी. हजार पौंडांची खाच तळहाताच्या रुंदीएवढी, शंभराची अंगठ्याएवढी, विसाची करंगळीएवढी, एका पौंडाची जवाच्या टपोऱ्या दाण्याएवढी, पेनीला नुसता काप, लाकूड काढायचं नाही. मग काठी उभी चिरायची, एक अर्ध भरणाऱ्याकडे एक खजिन्यात, दोन्ही जुळवल्या की खाडाखोड अशक्य. ज्याला अक्षर येत नाही त्यालाही हिशेब कळतो. हे सगळं रिचर्ड फिट्झनील या हेन्रीच्याच खजिनदाराने लिहून ठेवलंय, आणि तो स्वतः चर्चचा माणूस होता, पुढे लंडनचा बिशप झाला. हा मुद्दा मला फार महत्त्वाचा वाटतो, राजाची सगळी यंत्रणा चालवणारी माणसं चर्चनेच शिकवलेली होती. बेकेट त्यातलाच एक. (ह्या जुन्या काठ्या १८३४ साली पार्लमेंटच्या भट्टीत जाळायला घेतल्या आणि त्या आगीत पार्लमेंटची बहुतेक इमारत खाक झाली.)

११६६ चं क्लॅरेंडनचंच दुसरं फर्मानही विसरू नका. बेकेट फ्रान्समध्ये बसून पत्रं लिहीत होता तेव्हा हेन्रीने हुकूम काढला की हंड्रेड नावाच्या प्रत्येक विभागातले १२ आणि प्रत्येक गावातले ४ सज्जन लोक शपथेवर सांगतील की आपल्याकडे दरोडेखोर, खुनी, चोर कोण आहे. फिर्यादी समोर यायची वाट बघत बसायची गरज संपली. ज्युरीचं एक मूळ इथे आहे.

मृण्मयी

या सगळ्या चर्चेत माणसं राहून जातायत असं वाटतं म्हणून लिहिते. ऑक्टोबर ११६४ ला नॉर्दम्प्टनला बेकेटवर जे झालं ते न्याय म्हणता येणार नाही. आधी एका जमिनीच्या प्रकरणात हजर न राहिल्याचा आरोप, मग चान्सलर असतानाच्या पैशांचे हिशेब, दर दिवशी नवा तगादा. ज्याने स्वतः त्याला त्या पदावर बसवलं त्यानेच. शेवटच्या दिवशी बेकेट आपला क्रूस स्वतःच्या हातात धरून आत आला, एरवी तो दुसऱ्याने पुढे धरायचा असतो, फोलियटने तो हिसकावून घ्यायचा प्रयत्न केला. त्याच रात्री वेषांतर करून बेकेट निसटला आणि २ नोव्हेंबरला समुद्र ओलांडून फ्रान्सला गेला.

त्यावर हेन्रीने काय करावं, तर बेकेटचे नातेवाईक, नोकरचाकर, त्यांची बायकापोरं असे सुमारे ४०० लोक भर हिवाळ्यात देशाबाहेर हाकलले. ज्यांचा क्लॅरेंडनच्या कलमांशी काडीचा संबंध नव्हता अशी माणसं. राजा सुधारणावादी आणि बेकेट हेकेखोर अशी मांडणी वाचली की मला या लोकांची आठवण येते.

बेकेट हेकट होताच, तेही म्हणते. जानेवारी ११६९ ला मॉन्मिराय इथे फ्रान्सच्या राजासमोर समेट जवळजवळ झालाच होता, तर याने ऐनवेळी 'देवाचा मान राखून' एवढे शब्द घातले आणि सगळं फिसकटलं. पण सहा वर्षं परमुलखात काढून, रसद तुटलेली असताना, पोपसुद्धा धड पाठीशी उभा नसताना तो टिकला, हे मला तरी थोर वाटतं.

शांताराम_के

मृण्मयीताई, पोप धड पाठीशी का नव्हता हेही सांगायला हवं. ११५९ पासून युरोपात दोन पोप होते. जर्मन सम्राट फ्रेडरिक बार्बारोसा याने अलेक्झांडरविरुद्ध आपला वेगळा पोप उभा केलेला, अलेक्झांडर स्वतः रोम सोडून फ्रान्समध्ये येऊन राहिला होता. अशात इंग्लंडचा राजा दुखावून पलीकडे गेला तर संपलंच. त्यामुळे एका पत्रात बेकेटला धीर आणि पुढच्या पत्रात सबुरीचा सल्ला असं चालू होतं. हेन्रीला हे पक्कं ठाऊक होतं आणि त्याने ती भीती पुरेपूर वापरली.

खून ज्यामुळे झाला ते कारण तर अजून वेगळंच आहे. १४ जून ११७० ला हेन्रीने आपल्या मुलाला हयातीतच राज्याभिषेक करवला, तोही यॉर्कच्या आर्चबिशपकडून. राज्याभिषेकाचा मान कँटरबरीचा, त्यामुळे बेकेटसाठी ही पदाचीच विटंबना. जुलैत फ्रेतेव्हालला दिलजमाई झाली पण समेटाचं चुंबन राजाने दिलं नाही, आणि क्लॅरेंडनच्या कलमांचं तर तिथे नावच निघालं नाही! म्हणजे ज्यासाठी सहा वर्षं घालवली तो विषय दोघांनीही बाजूला ठेवला. १ डिसेंबरला बेकेट परत आला, पण त्याच्या आधी त्याची पत्रं पोचली होती, यॉर्कचा आर्चबिशप निलंबित, लंडन आणि सॉल्सबरीचे बिशप बहिष्कृत. ते तिघे धावत नॉर्मंडीला राजाकडे गेले. नाताळच्या त्या दिवसांत राजाच्या तोंडून जे निघालं त्याचं आज सगळ्यांना पाठ असलेलं वाक्य ('या उपद्रवी पाद्र्यापासून माझी कुणी सुटका करणार नाही का?') बऱ्याच नंतरचं आहे. खुनाच्या वेळी हजर असलेल्या एडवर्ड ग्रिमच्या लिखाणात राजा आपल्याच दरबाऱ्यांवर उखडतो, की एका हलक्या कुळातल्या पाद्र्याकडून धन्याचा अपमान होऊ देणारे नालायक मी पोसले. चार नाइट ते ऐकून निघाले. ग्रिमने बेकेटला वाचवायला हात मध्ये घातला, तो हात जबर जखमी झाला.

मांडवीकाठ

गोव्याहून वाचतोय. बिशप कोण नेमणार हा वाद आमच्याकडे खूप उशिरापर्यंत जिवंत होता म्हणून या धाग्यात रस वाटला. पाद्रोआदमुळे इथल्या बिशपपदासाठी नाव सुचवायचा हक्क पोर्तुगालच्या राजाकडे, त्या बदल्यात चर्चं आणि पाद्र्यांचा खर्च राजाने सोसायचा. पुढे रोमने प्रोपगांडा या आपल्या धर्मप्रसाराच्या खात्याकडून थेट आपली माणसं पाठवायला सुरुवात केली आणि मुंबईत तर १७९४ पासून १९२८ पर्यंत दोन्ही सत्ता शेजारी शेजारी नांदत होत्या, हे चर्च याचं ते चर्च त्याचं. हेन्रीने जे भांडून मिळवायचा प्रयत्न केला ते पोर्तुगालच्या राजाला पोपने स्वतःहून लिहून दिलं होतं, हा फरक.

रेवा_नाशिक

सगळ्यांना धन्यवाद, खूप कळलं. मग धागाकर्त्याच्या मूळ प्रश्नावर या, हरलं कोण?

अ‍ॅडव्होकेट_वर्धा

कागदावर बघितलं तर राजा. मे ११७२ ला अव्हरांश इथे हेन्रीने रोमला अपील जाऊ द्यायचं कबूल केलं, म्हणजे आठवं कलम गेलं. ११७६ ला पोपच्या प्रतिनिधीशी झालेल्या करारात पाद्र्यांवर राजाच्या कोर्टात फौजदारी खटला चालणार नाही हे मान्य केलं, अपवाद फक्त राजाच्या जंगलातले गुन्हे. म्हणजे माणूस मारला तर चर्चकडे, हरीण मारलं तर राजाकडे. ही पाद्र्यांची सवलत इंग्लंडमध्ये पुढे १८२७ पर्यंत टिकली, नंतर नंतर तर बायबलातलं एक स्तोत्र वाचून दाखवलं की पाद्री समजायचे आणि फास चुकायचा.

जुनी_बखर

कागदावर, बरोबर. पण आता जे गेलं नाही ते बघा. पहिलं कलम, चर्चमध्ये पाद्री नेमायचा हक्क कुणाचा यावरचे वाद राजाच्या कोर्टात चालतील, ते तसंच राहिलं. पोपने फेटाळलेलं असूनही. नववं कलम, जमीन चर्चला दिलेली इनाम आहे की साधी जहागीर हे १२ जणांच्या शपथेवर राजाचा न्यायाधीश ठरवेल, तेही राहिलं. कुणाची जमीन बळकावली गेली, कुणाचा वारसा डावलला गेला, यासाठी ठरावीक मजकुराची आज्ञापत्रं निघू लागली, त्यावर शेरीफने ज्युरी बसवायची, आणि राजाचे न्यायाधीश गावोगाव फिरून निकाल देऊ लागले. इथे कितीतरी जास्त लोकांचा संबंध यायचा, गुन्हेगार पाद्र्यांशी किती जणांचा येणार? आणि ही आज्ञापत्रं काढताना हेन्रीने क्लॅरेंडनसारखी बिशपांची सभा भरवून शपथा मागितल्या नाहीत. गरज पडेल तसा एकेक नमुना तयार केला आणि वापरात आणला, त्यामुळे नाही म्हणायची वेळ कुणावर आलीच नाही. माझ्या मते ११६४ चा धडा तो इथे शिकला.

बिशपांचंही तेच. रिकाम्या पदाचं उत्पन्न राजाच घेत राहिला, ११७६ ला फक्त एवढंच कबूल केलं की फार अडचण नसेल तर वर्षापेक्षा जास्त काळ जागा रिकामी ठेवणार नाही. आणि ज्यांनी बेकेटला सर्वात जास्त छळलं त्या इल्चेस्टरच्या रिचर्डला विंचेस्टर मिळालं आणि जेफ्री रिडेलला ईली. बेकेट संत जाहीर झाला फेब्रुवारी ११७३ ला, आणि ही माणसं बिशप निवडली गेली त्याच वर्षी.

१२ जुलै ११७४ चं प्रायश्चित्तही असंच बघावं लागतं. त्या वेळी त्याची स्वतःची मुलं बंड करून उठली होती, स्कॉटलंडचा राजा चालून आलेला. हेन्री अनवाणी कँटरबरीत चालत गेला, उघड्या पाठीवर बिशपांचे आणि मठातल्या साधूंचे फटके घेतले, रात्र थडग्यापाशी काढली. मला वाटतं ते मनापासून होतं, त्या काळचा माणूस अशा बाबतीत ढोंग करणं कठीण. पण दुसऱ्याच दिवशी अल्निकला स्कॉटलंडचा राजा पकडला गेला आणि सगळ्या इंग्लंडने त्याचा अर्थ लावला की संत थॉमस आता राजाच्या बाजूने आहे.

घाटमाथा

यात एक भर. फ्रान्समध्ये सव्वाशे वर्षांनी चौथ्या फिलिपने हेच भांडण कराच्या पैशावरून केलं तेव्हा जमाना किती बदलला होता बघा. १२९६ ला पोप आठव्या बोनिफेसने पाद्र्यांवर परस्पर कर लावायला बंदी केली, फिलिपने सोनंचांदी देशाबाहेर न्यायला बंदी घातली, पोपची आवकच आटली. १३०२ ला त्याने पॅरिसला सरदार, पाद्री आणि शहरवासी अशा तिघांची सभा बोलावून पाठिंबा मिळवला आणि सप्टेंबर १३०३ ला त्याचा माणूस नोगारे अनान्यीत थेट पोपलाच धरायला गेला. महिनाभरात बोनिफेस वारला. त्यासाठी फिलिपला कुणाच्या थडग्यापुढे फटके खावे लागले नाहीत.

रेवा_नाशिक

शेवटचा प्रश्न, त्या चार नाइटांचं काय झालं? फाशी?

जुनी_बखर

नाही. राजाने त्यांच्यावर खटला भरलाच नाही. पोपने बहिष्कृत केलं आणि प्रायश्चित्त म्हणून पवित्र भूमीत जायला सांगितलं. पाद्र्याला मारणाऱ्याचा निवाडा चर्चकडेच, आणि चर्चची सर्वात मोठी शिक्षा बहिष्कार. बेकेटनंतर आर्चबिशप झालेल्या रिचर्डनेच पुढे आपल्या बिशपांना पत्रात लिहिलं की शेळीमेंढी चोरणाऱ्याला फाशी होते आणि पाद्र्याचा खुनी नुसत्या बहिष्कारावर सुटतो, हे बंद झालं पाहिजे. मग ११७६ च्या त्याच करारात ठरलं की पाद्र्याच्या खुन्याला बिशपच्या समक्ष राजाचे न्यायाधीश शिक्षा देतील. ही मागणी कँटरबरीच्या गादीवरून आली होती.